पानगळीतला इंगलबरो : एका दिवसात, गोल वाटेने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन वर्ष झालेलं जोडपं, बारा वर्षांची मुलगी आणि दोन मित्र. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळ्यांचे झालेले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक शनिवार मोकळा आहे. जिथून निघू तिथेच परत येणारी वाट हवी, मूर म्हणजे इथलं उंचावरचं ओलसर, गवताळ माळरानही बघायचंय आणि चुनखडीचा प्रदेशही. शेवटी एक ओळ: 'इंगलबरो ७२३ मीटरच आहे, म्हणजे अर्ध्या दिवसात होईल ना?'

डोंगर अगदी बरोबर निवडलात. अर्धा दिवस मात्र विसरा.

मी लीड्समध्ये राहून अठरा वर्षं हे डोंगर चालतोय आणि आपल्या मंडळींचे गटही बरेच नेलेत. एक गोष्ट दर वेळी दिसते. सह्याद्रीत तयार झालेला माणूस इथे चढाला कधीच हरत नाही, उजेडाला हरतो. आपल्याकडे ऑक्टोबरात दिवस उन्हाळ्यापेक्षा फार तर दीडेक तासाने लहान झालेला असतो, त्यामुळे तो हिशोब आपल्या अंगात नाही. इथे आपण ५४ अंश उत्तरेला आहोत. तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि आदल्या दिवशी पावणेसहाला झालेला सूर्यास्त अचानक पावणेपाचला येतो. माझ्या पहिल्याच वर्षी मी नेमका तो रविवार निवडला होता. सूर्यास्ताची वेळ आठवडाभर आधी पाहून ठेवलेली, विजेरी एकच, तीही माझ्या मित्राच्या गाडीत. अकरा वाजता आरामात निघालो. अंधार पडला तेव्हा आम्ही चुनखडीच्या फरशीवर होतो, मित्राचा पाय भेगेत गेला आणि घोटा मुरगळला. पुढचे पाच किलोमीटर त्याला खांद्याचा आधार देत मोबाईलच्या उजेडात उतरलो. त्या दिवसापासून मी वाट ठरवायच्या आधी तास मोजतो.

तुमच्यासाठी वाट अशी: क्लॅपहॅम गाव, ट्राउ गिल, गेपिंग गिल, लिटल इंगलबरो, माथा, मग पूर्वेला उतरून सल्बर, थीव्ह्ज मॉस, क्रमॅकडेल, नॉर्बर आणि थ्वेट लेनने परत क्लॅपहॅम. साधारण १७ ते १८ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. इथे नेस्मिथचा १८९२ चा नियम अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे साडेचार तास. त्यात न जेवण आहे, न फोटो, न चिखल, न बारा वर्षांची मुलगी. सात ते साडेसात तास धरा. साडेआठला गावातून पाय निघाला पाहिजे.

दिशा उलटी करू नका. उलटी केलीत तर चुनखडी सकाळी होते आणि दिवसाच्या शेवटी ट्राउ गिलची दगडांनी भरलेली नाळ उतरावी लागते, तीही मावळतीला, ओल्या दगडांवरून. मी सांगतोय त्या दिशेने गेलात तर चढ, माथा आणि धुक्याचा धोका हे सगळं दुपारी एकच्या आत उरकतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर थ्वेट लेन ही दोन्हीकडून गडगे असलेली जुनी गाडीवाट आहे. तिथे अंधारलं तरी चुकायला जागाच नाही. गडगे मी मुद्दाम म्हणतोय. कोकणात आंबा-काजूच्या बागेभोवती चुना-सिमेंटशिवाय रचतात तेच हे, फक्त इथे ते डोंगरावर मैलोन् मैल सरळ चढत जातात.

गावातून वर जायला दोन पर्याय आहेत. इंगलबरो इस्टेटच्या जंगलातून जाणाऱ्या वाटेला छोटं तिकीट आहे, आणि बाजूने क्लॅपडेलची सार्वजनिक वाट फुकट आहे. एरवी मी फुकटची वाट सांगतो, पण ऑक्टोबरात तिकीट काढा. 'फॉल कलर्स' म्हणून जे तुमच्या डोक्यात आहे ते दिवसभरात इथेच मिळेल. बीचची झाडं तांबूस-सोनेरी झालेली असतात आणि कृत्रिम तळ्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं. ही इस्टेट फॅरर घराण्याची. त्यातला रेजिनाल्ड फॅरर वनस्पतींच्या शोधात चीन आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला आणि १९२० मध्ये तिकडेच वारला. त्याने आणलेली रोडोडेंड्रॉनं या जंगलात आहेत. वर गेल्यावर झाडं संपतात आणि रंग गवताचा सुरू होतो. मूरचं गवत ऑक्टोबरात पिकलेल्या भाताच्या रंगाचं होतं, त्यात नेच्यांचे गंजलेले पट्टे. इंगलबरोवर जांभळ्या हेदरची, म्हणजे मूरवरच्या फुलझुडपांची, चादर शोधू नका. हा डोंगर बहुतेक गवताचाच आहे, आणि हेदरचा बहर तर ऑगस्टमध्येच होऊन जातो.

जंगल संपलं की डावीकडे इंगलबरो केव्ह. १८३७ मध्ये फॅररांच्या माणसांनी आतला चुन्याचा बांध फोडला आणि अडलेलं पाणी वाहून गेल्यावर पुढची गुहा उघडी पडली. तिकीट काढून आत जाता येतं, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. थांबायचं ते बाहेर, गुहेशेजारी जिथून ओढा डोंगराच्या पोटातून बाहेर पडतो तिथे. हे पाणी लक्षात ठेवा, ते तुम्हाला तासाभराने पुन्हा भेटणार आहे.

ट्राउ गिल ही आपल्या भाषेत नाळ. दोन्हीकडे चुनखडीचे उभे कडे, वर जाताना वाट चिंचोळी होत जाते. शेवटच्या हिमयुगात बर्फ वितळला त्याच्या पाण्याने ती कापली. आज तिच्यात पाण्याचा थेंब वाहत नाही. याचं कारण कळलं की सगळा दिवस उलगडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सह्याद्रीत आपल्याला पाणी धरणारा खडक माहीत आहे. बसाल्टमध्ये टाकं खोदलं की ते मार्चपर्यंत, कधी मेपर्यंतही साथ देतं. सगळे गड त्या टाक्यांवर जगले. इथे उलटं आहे. इंगलबरो थरांचा आहे. सगळ्यात खाली फार जुने, कडक, काळपट खडक. त्यावर सुमारे दोनशे मीटर जाडीची पांढुरकी चुनखडी, तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेली. त्यावर शेल, वाळूचा खडक आणि चुनखडी यांचे आलटूनपालटून पातळ थर, आणि माथ्याला जाडसर दाण्याच्या वाळूखडकाची टोपी. पावसाचं पाणी वरच्या थरांवर पडतं, तिथल्या काळ्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीत, स्पंजासारखं मुरतं आणि ओहोळांनी खाली येतं. चुनखडीच्या कडेला पोचलं रे पोचलं की गडप. चुनखडी आम्लधर्मी पाण्यात विरघळते, तिला भेगा पडतात, भेगांची भगदाडं होतात. म्हणून या डोंगराभोवती एका ठरावीक उंचीवर विवरांची माळच आहे. वर चिखल, खाली कोरडं. पायाखाली पचपच होत असेल तर तुम्ही मूरवर, खटखट होत असेल तर चुनखडीवर. नकाशा न उघडता कळतं.

त्या माळेतलं सगळ्यात मोठं विवर म्हणजे गेपिंग गिल. फेल बेक नावाचा ओढा मूरवरून निवांत वाहत येतो आणि ९८ मीटर सरळ खाली जमिनीत पडतो. इथे 'बेक' म्हणजे ओढा, 'फेल' म्हणजे डोंगर, 'गिल' म्हणजे घळ. हे शब्द उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग वसाहतवाल्यांचे. तळाशी केवढंतरी दालन आहे, ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. १८९५ मध्ये एदुआर मार्तेल नावाचा फ्रेंच माणूस दोराच्या शिडीने तिथे पहिल्यांदा उतरला. आता मेच्या अखेरीला आणि ऑगस्टमध्ये इथले गुहाभ्रमण क्लब खुर्चीचा पाळणा लावून सामान्य लोकांनाही खाली सोडतात. ऑक्टोबरात तो नसतो. त्याच पाण्याचा माग काढत १९८३ मध्ये पाणबुड्यांनी गेपिंग गिलपासून इंगलबरो केव्हपर्यंतची भूमिगत वाट जोडली. खाली गुहेशेजारी पाहिलेला ओढा तो हा.

पाऊस होऊन गेला असेल तर आवाज आधी ऐकू येतो. कुंपणाच्या आत जाऊन वाकून बघायचा मोह होतोच. काठाचं गवत ओलं आणि उताराचं आहे, मुलीचा हात धरून ठेवा आणि कुंपणाबाहेरूनच बघा. कोकणकड्याच्या टोकावर पोटावर झोपून डोकावायची सवय इथे नको. तिथे खडक असतो, इथे साबणासारखं गवत.

पुढे लिटल इंगलबरोचा चढ. दमछाक होते ती इथेच, पण दगड बसवलेली वाट आहे. पूर्वी इतक्या पायांनी पीट तुडवलं गेलं की वाट मैदानासारखी रुंद झाली होती, म्हणून हे दगड बसवले. त्यावरूनच चाला. चिखल टाळायला बाजूच्या गवतातून जाल तर वाट पुन्हा पसरते, शिवाय गुडघाभर पीटमध्ये पाय जायची शक्यता आहेच.

माथा म्हणजे सपाट पठार. मध्ये अधिकाच्या चिन्हासारखा दगडी आडोसा आहे, वारा कुठूनही येवो, एक कोपरा शांत मिळतो. डबा इथेच उघडा. हवा मोकळी असेल तर उत्तरेला रिबलहेडचा चोवीस कमानींचा रेल्वेपूल, पूर्वेला पेन-ई-गेंट, पश्चिमेला मोरकँबच्या उपसागराची चकाकी दिसते. पण ऑक्टोबरात दोनपैकी एका फेरीला काहीच दिसत नाही असा माझा अनुभव आहे. आणि खरी गोम तिथे आहे. पठार सपाट, चारही बाजूंनी वाटा वर येतात, धुक्यात सगळे दगड सारखे. आपल्याकडे याला चकवा म्हणतात आणि इंगलबरोवर तो नेमाने लागतो. माणसं आनंदाने उतरत जातात आणि खाली पोचल्यावर कळतं की आपण इंगलटनला आलोय आणि गाडी डोंगरापलीकडे आहे. म्हणून आडोशात बसल्या बसल्याच होकायंत्र काढा. तुमची वाट पठाराच्या ईशान्य कोपऱ्यातून उतरते. जरा खाली गेल्यावर ती फुटते: डावी चॅपल-ल-डेलकडे कोसळते, उजवी हॉर्टनकडे जाते. उजवी घ्या. मोबाईलमधला नकाशा ठेवाच, पण थंडीत बॅटरी पटकन उतरते, तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २ हा कागदी नकाशा सोबत हवा. पंचवीस हजारात एक प्रमाणाचा, प्रत्येक गडगा दाखवणारा. गडगे मोजत चालणं ही धुक्यातली सगळ्यात भरवशाची युक्ती आहे.

वारा जोराचा असेल, मुलगी कुडकुडत असेल, तर माथा सोडून द्या. गेपिंग गिलवरून मागे फिरलात तरी दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही. माथ्याचं तापमान गावापेक्षा चार अंशांनी तरी कमी असतं आणि वाऱ्याचं गार वेगळं.

हॉर्टनच्या वाटेने तासभर उतरलात की पायाखालचा आवाज बदलतो. सल्बर निकमध्ये आडवी ब्राइडलवे (घोड्यांनाही मुभा असलेली वाट) भेटते, उजवीकडे वळून सल्बर गेटला या. इथे घड्याळ बघा. अडीच वाजून गेले असतील तर पुढची शोभा सोडा आणि लाँग लेनने सरळ क्लॅपहॅमला उतरा. सोपी, रुंद, न चुकणारी वाट आहे. अडीचच्या आत असाल तर थीव्ह्ज मॉसकडे चला.

थीव्ह्ज मॉस म्हणजे चुनखडीची फरशी. हिमनदीने खडक तासून सपाट केला, मग पावसाने भेगा रुंदावल्या. उभ्या राहिलेल्या लाद्यांना क्लिंट आणि मधल्या भेगांना ग्राइक म्हणतात. ग्राइकमध्ये वाकून बघा. वर बोडका खडक, वाऱ्याने झोडपलेला, आणि आत हातभर खाली नेचे आणि सावलीतली जंगली रोपं तगून. मेंढीचं तोंड आणि वारा दोन्ही तिथे पोचत नाहीत. एके काळी बागेतल्या शोभेच्या दगडांसाठी या लाद्या उचलून नेत, १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांना संरक्षण मिळालं. ओली फरशी काचेसारखी निसरडी असते. भेग ओलांडताना उडी मारायची नाही, आणि पाय टाकायचा तो लादीच्या मधोमध. माझ्या मित्राचा घोटा गेला तो इथेच.

बेगर्स स्टाइलने गडगा ओलांडून क्रमॅकडेलमध्ये उतरा. ही दरी मला सगळ्या वाटेत जास्त आवडते आणि तिथे माणसं सगळ्यात कमी भेटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे एक गंमत दिसते. मेंढ्या स्वेलडेल जातीच्या, काळं तोंड आणि पांढरं नाक. त्यांतल्या काहींच्या पाठीमागे लाल किंवा निळा रंग फासलेला दिसेल. शेतकरी एडक्याच्या छातीला रंग लावून त्याला कळपात सोडतो, एडका कोणत्या मेंढीवर चढला हे रंगावरून कळतं आणि मग ती कधी विणार याचा हिशोब बसतो. मुलगी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. फाटक जसं असेल तसंच सोडायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

नॉर्बरला मात्र घाई करू नका. चुनखडीच्या पांढऱ्या उतारावर हत्तीच्या पिल्लाएवढे काळे दगड विखुरलेत, आणि त्यांतले काही फूटभर उंचीच्या पांढऱ्या चौथऱ्यावर बसलेत, कुणी मांडून ठेवल्यासारखे. हे दगड इथले नाहीत, उपरे आहेत. चुनखडीच्या खालचा तो जुना काळपट खडक क्रमॅकडेलच्या तळाशी उघडा पडलाय. हिमनदीने तिथून तो उचलला, वर चढवला आणि सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वी वितळताना इथे टाकून दिला. म्हणजे वरचा दगड खालच्यापेक्षा जुना. त्यानंतर पावसाने आजूबाजूची चुनखडी विरघळवून खाली नेली, पण दगडाच्या छत्रीखालची तेवढी राहिली. तो चौथरा म्हणजे त्या काळात झिजलेल्या खडकाची मोजपट्टी. मावळतीच्या तिरप्या उन्हात या दगडांच्या सावल्या लांब पडतात, आणि मी दिशा अशी ठरवली त्याचं हे दुसरं कारण.

आता सामान. जीन्स नको, सुती टी-शर्टही नको, भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतं. सह्याद्रीत चालवलेले हलके कापडी बूट कातळावर छान पकडतात, पण पीटमध्ये पहिल्या तासात भिजतील. घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट घ्या. पावसाचं जॅकेट आणि पँट, टोपी, हातमोजे, आणि प्रत्येकाच्या डोक्याला विजेरी. पाचांत एक नाही, पाचांत पाच. पाणी दोन लिटर गावातूनच भरा. वरचे ओहोळ मेंढ्यांचे आहेत आणि खाली तर पाणी जमिनीतच असतं. खायला थेपले, चिक्की, थर्मासमध्ये चहा. वाटेत टपरी नाही, लिंबूसरबतवाली मावशी नाही. आपल्या मंडळींना या गोष्टीचं सगळ्यात वाईट वाटतं.

आदल्या रात्री डोंगराचा हवामान अंदाज बघा, शहराचा नाही. मेट ऑफिस आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस दोघेही यॉर्कशायर डेल्सचा वेगळा देतात. पावसापेक्षा वाऱ्याचा आणि ढगांच्या तळाचा आकडा महत्त्वाचा. काही झालंच तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. तुमच्या हाकेला येणारं पथक क्लॅपहॅममध्येच आहे. केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन १९३५ साली सुरू झाली, गुहेतून माणसं काढणारी जगातली पहिली संस्था, आणि आजही सगळे स्वयंसेवक आहेत. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा.

गाडीने आलात तर गावातल्या वाहनतळावर आठ-सव्वाआठला पोचा, नऊनंतर जागा मिळणं कठीण. रेल्वेने यायचं तर लीड्सहून मोरकँबकडे जाणाऱ्या गाड्या क्लॅपहॅमला थांबतात. पण त्या दिवसाला मोजक्याच असतात आणि स्टेशन गावापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे, ते चालणं हिशोबात धरा. परतीच्या गाडीची वेळ आधी ठरवा आणि सल्बर गेटला तिच्यावरूनच निर्णय घ्या.

थ्वेट लेन गावात शिरताना दोन दगडी बोगद्यांतून जाते. फॅररांना आपल्या आवारातून लोकांची ये-जा नको होती, म्हणून त्यांनी रस्ताच जमिनीखाली घातला. भर दुपारीही आत काळोख असतो. तिथे विजेऱ्या लावा, मुलीला हवं तेवढं ओरडू द्या. बाहेर पडलात की समोर चर्च, आणि चहा मिळणारं ठिकाण तिथून पाच मिनिटांवर.